निरोप पोचला

लोकांना वेबसाईट नको असते, ॲप पाहिजे असतं. दोन्हींत फरक काय असं विचारलं तर नीट सांगता कुणालाच येत नाही, पण वेबसाईट म्हटलं की मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखं नाक मुरडतात. माझं पोट चालतं ते या नाक मुरडण्यावर. मी वेबसाईटच बनवतो, फक्त ती अशी नटवतो की बघणाऱ्याला खरंखुरं ॲप वाटावं.

मी हारिस. आष्टीत बसस्टँडच्या मागे अब्बांचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे, त्यावरच्या पत्र्याच्या खोलीत माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक लॅपटॉप, एक पंखा आणि खेड्यापाड्यातले लोक वापरतात तसे सात जुने, फुटक्या काचांचे फोन. नवीन काही बनवलं की ते या सातही फोनांवर चालवून बघतो.

नटवायचं म्हणजे काय करावं लागतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. फोनच्या पहिल्या पानावर, बाकीच्या ॲपच्या रांगेत, आपलं चित्र बसवायचं. उघडल्यावर वरची पत्त्याची पट्टी दिसू द्यायची नाही. वेबसाईटवर बोट लावलं की क्षणभर एक निळसर डाग उमटतो, तो घालवायचा. पान खाली ओढलं की ब्राऊझरचं गोल चक्र डोकावतं, ते बंद करायचं. आणि नेट नसतानाही उघडलं पाहिजे, म्हणून मागे एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो सगळी पानं फोनमध्येच साठवून ठेवतो. रेंज नसताना कुणी निरोप पाठवला तर धरून ठेवतो आणि रेंज आली की पुढे ढकलतो. एवढं नीट जमलं की कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. या गोष्टीचा मला फार माज होता. तालुक्यात माझ्यासारखं सफाईचं काम कुणाचं नाही, असं मी स्वतःच लोकांना सांगायचो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी विजयसिंह दादांचं बोलावणं आलं. दादा म्हणजे मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव, वडील राजकारणात, स्वतः एका संस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं काम ऊसतोड करणाऱ्या बायांसाठी. आमच्याकडे दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाला एकटा माणूस चालत नाही, जोडी लागते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. त्यामुळे बाई पोटुशी असली तरी तिला जावंच लागतं, फडातच दिवस भरतात, आणि मग जे होतं ते आम्हाला इथे फोनवर कळतं. दादांचं म्हणणं, असल्या बायांनी गावीच राहावं. वस्तीवर एकट्या पडतात म्हणून त्या राहत नाहीत, तर त्यांच्या हातात एक बटण द्यावं. बटण दाबलं की जवळच्या गावातल्या आरोग्यताईच्या फोनवर निरोप, आणि ताई तासाभरात दारात. कल्पना चांगली होती. आजही मी तिला वाईट म्हणणार नाही.

महिनाभरात ॲप तयार करून मी बीडला दादांच्या बंगल्यावर दाखवायला गेलो. सोफ्यावर पाच-सात कार्यकर्ते बसलेले. मी फोन दादांच्या हातात दिला. त्यांनी लाल बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं आणि खाली मी लिहिलेली पिवळी ओळ आली: "निरोप अजून गेलेला नाही, थांबा." त्या दिवशी नेमकी रेंज मेली होती. दहा सेकंद चक्र फिरत राहिलं.

"हे गरगर काय हाय बे?" दादांनी विचारलं.

"दादा, निरोप जायलाय. पोचला की टीक येती."

"खऱ्या ॲपला असं गरगर असतं का? तू आपल्याला वेबसाईटच चिटकवली काय?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "दादा, तवर बाई बाळंत व्हऊन बारसं उरकंल." त्यावर आणखी हसले. माझे कान तापले. खऱ्या ॲपमध्येही निरोप अडकला की छोटं घड्याळ दिसतं, हे मी तिथे सांगू शकलो असतो. पण वेबसाईट हा शब्द चारचौघांत माझ्या तोंडावर मारला होता, आणि मला डोकं चालवायचं नव्हतं, नाक वर करायचं होतं.

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. कुणी फोटोला बदाम दिला की बदाम लगेच लाल होतो. खरं तर तो पोचलेला नसतो, मागाहून पोचतो. पण माणसाला वाट बघावी लागत नाही, म्हणून त्याला ॲप कसं पळतंय असं वाटतं. बदाम पोचला नाही तरी कुणाचं काय जातं? मी तीच युक्ती इथे लावली. बटण दाबल्या दाबल्या हिरवी टीक, आणि शेजारी वेळ. काम दोन ओळींचं. गॅरेजच्या वर बसून मी ते चहा निवायच्या आत उरकलं.

दादा खूश झाले. म्हणाले, "आता कसं! अन् नुस्ती टीक नको. बाईला जरा धीर वाटंल असं कायतरी लिही." मग मी लिहिलं, "निरोप पोचला. ताई निघाल्या आहेत." लिहून झाल्यावर ते पाच शब्द मलाच इतके आवडले की मी ते खाली जाऊन अब्बांना वाचून दाखवले.

दिवाळीच्या आधी ते फोनांवर टाकायला मी स्वतः वस्त्यांवर फिरलो. सोबत विमलबाई होत्या. संस्थेच्या त्या भागाच्या आरोग्यताई, वय पंचेचाळीसच्या आसपास, पायात रबरी चप्पल, खांद्याला वजनकाट्याची पिशवी. चालताना त्या प्रत्येक घरातल्या बाईची तारीख तोंडपाठ सांगायच्या. त्यांच्या गावापासून तीन किलोमीटरवर दरेवस्ती आहे. सात घरं, मागे बरड म्हणजे खडकाळ उघडी टेकडी, खाली ओढा. रेंज फक्त बरडाच्या माथ्यावर येते. तिथे अंजू भेटली. एकवीस-बावीस वर्षांची, सहावा महिना. तिच्या नवऱ्याने, प्रविणने, जाण्यासाठी सामान बांधायला काढलेलं.

अंजूला राहायचं नव्हतं. ती म्हणाली, "मी न्हाई राहत. इथं कोण हाय? आज्जासासरा सटवाबा, त्याला ऐकू येत न्हाई का चालता येत न्हाई. अन् हितं रेंज न्हाई, मंग तुमचं बटण कसं चालंल?"

शंभर बायांच्या फोनांवर मी ते ॲप टाकलं असेल. हा प्रश्न विचारणारी ती एकटी.

"रेंज नसली तरी चालतं," मी म्हणालो. "त्याचीच तर खासियत हाय." आणि तिच्याच फोनवर बटण दाबून दाखवलं. टचकन हिरवी टीक. रेंजच्या जागी फुली होती, तरी टीक. अंजू हसली. प्रविण तर चाटच पडला. फोन हातात घेऊन म्हणाला, "बघ की, लगेच पोचतंय. तू राहाच. माझ्यासंगट आई येईल कोयत्याला." त्याची आई आत भाकरी करत होती, ती तिथूनच "येते की" म्हणाली. विमलबाईंनी अंजूच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मला पुढचं वाक्य सांगायचं होतं, की निरोप आता फोनमध्ये थांबलाय, रेंज आली की जाईल. खरंच सांगायचं होतं. पण सगळे इतके खूश होते, रस्त्यावर संस्थेची जीप हॉर्न वाजवत होती, आणि माझ्या ॲपचं असं कौतुक चाललं होतं. मी ते वाक्य गिळलं. विमलबाईंनाही सांगितलं नाही. निघण्याआधी तिच्या फोनमधला तो नमुन्याचा निरोप मी सवयीने पुसून टाकला होता, म्हणून विमलबाईंच्या फोनवरही काही आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, अंजूला रक्त जायला लागलं. बाळंतपणाची तारीख पंचवीसची होती. पंधराला विमलबाई तिला स्वतःच्या घरी आणून ठेवणार होत्या. वस्तीवरच्या सहा घरांना कुलपं होती. तिने सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं. दुपारी तीनला बकऱ्या वळवून आणणाऱ्या म्हाताऱ्याने दार उघडं बघून आत डोकावलं आणि तो बोंबलत ओढ्यापलीकडच्या गावाकडे पळाला. जीप आली. पण वाटेतच अंजू गेली. पोटातलं लेकरूही.

जीप डांबरीला लागली तेव्हा अंजूच्या पिशवीतल्या फोनला रेंज मिळाली. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी विमलबाईंच्या फोनवर निरोप आला. त्या आपल्या गावात शाळेच्या पडवीत पोरांची वजनं संपवून काटा आवरत होत्या. काटा पिशवीत ठेवताना फोनवर निरोप दिसला, तो वाचून त्या तशाच दरेवस्तीच्या वाटेने धावत सुटल्या. वस्तीवर पोचल्या तेव्हा तिथे सटवाबा एकटा बसला होता.

निरोपाशेजारी मी जी वेळ दाखवायचो ती बटण दाबल्याची. त्यामुळे विमलबाईंच्या फोनवरही नऊ बाराच लिहून आलं.

मला तिसऱ्या दिवशी दादांनी जीप पाठवून विमलबाईंच्या गावात बोलावून घेतलं. राख सावडून माणसं परत आली होती आणि शाळेच्या आवारात बसली होती. जीपमध्येच मी लॅपटॉप उघडून सगळी नोंद बघितली होती. तिथे दोन वेळा असतात, दाबल्याची आणि पोचल्याची. लोकांना दिसते ती एक, दुसरी फक्त मला दिसते. दुसरी होती चार एकेचाळीस. जीपमधून उतरून पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रविण मधोमध उभा होता. कोल्हापूरच्या बाजूने रात्रभर ट्रकच्या टपावर बसून आलेला, मुंडण केलेलं, डोळे सुजलेले. त्याने अंजूचा फोन सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हे बघा. नऊ बारा. निरोप पोचला. ताई निघाल्या आहेत. कुठं निघाल्या व्हत्या हो ताई? सात तास कुठं गेलत्या तुमी?"

विमलबाई भिंतीशी उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला. "मी वजनं करीत व्हते," त्या म्हणाल्या. "फोन पिशवीत व्हता. लेकरं लई रडायलती. वाजला आसंल, मला ऐकू आला न्हाई. म्या बघायला पायजे व्हतं." जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "म्या बघायला पायजे व्हतं."

बायांमधून कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी शिवी दिली. दादा माझ्याकडे वळले.

"हारिस, रेकॉर्ड काय म्हणतंय? किती वाजताचा निरोप हाय?"

मी म्हणालो, "नऊ बारा."

दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. 'पोचला' हा शब्द मी उच्चारला नव्हता. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की बाबा, तू काही खोटं बोललेला नाहीस, दाबल्याची वेळ सांगितली, ती खरीच आहे. माणूस स्वतःशी किती वकिली करू शकतो याला काही सीमा नाही. विमलबाईंना संस्थेने तिथल्या तिथे काढून टाकलं. त्यांनी वजनकाट्याची पिशवी दादांच्या गाडीपाशी नेऊन ठेवली आणि घराकडे चालत गेल्या. मला पुढे होऊन थांबवता आलं असतं. अंतर दहा पावलांचं असेल.

घरी आल्यावर पहिलं काम मी टीक दुरुस्त केली. पुन्हा चक्र, पुन्हा पिवळी ओळ, आणि मोठ्या अक्षरांत "निरोप पोचलेला नाही. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारा." दादांना फोन करून खरं काय ते सांगितलं.

"दुरुस्त केलंस ना?" ते म्हणाले.

"हो दादा."

"मंग तोंड बंद ठेव. ॲप खोटं बोलतंय असं एकदा झालं की एक बाई ऐकायची न्हाई. सगळ्या फडात जातील अन् तिथं मरतील. ते पाप घेतोस का डोक्यावर?"

मी "न्हाई दादा" म्हणालो, आणि तसं म्हणता आलं याचं मला बरंच वाटलं.

पण दुरुस्ती करून भागत नव्हतं. फोनमध्ये साठवलेली जुनी पानं बदलायला रेंज लागते. ज्यांच्याकडे रेंज होती, त्यांच्या फोनवर माझी पिवळी ओळ दुसऱ्याच दिवशी पोचली. त्यांना तिची गरजच नव्हती. बरडाच्या आजूबाजूच्या चार वस्त्यांवर, जिथे अंजूसारख्याच नऊ बाया मागे राहिल्या होत्या, तिथे अजूनही तीच हिरवी टीक बसली होती. नोंदीत मला ते रोज दिसायचं. नऊ नावं, नऊ जुनी पानं.

जेवण जाईना तेव्हा अब्बांनी विचारलं. गॅरेजमध्ये ते एका गाडीचा पेट्रोलचा काटा उघडून बसले होते. मी सगळं सांगितलं, सभेतलंसुद्धा. आमच्या घरची बोली दखनी, इथे मराठीत सांगतो. अब्बा म्हणाले, "म्हणजे काटा टाकीला जोडलेलाच नव्हता, अन् तू त्याला फुलवर चिकटवून ठेवलास." मग हात पुसत म्हणाले, "ती बाई कुठं आहे, जिला काढलं?" मी म्हणालो, घरी असेल. "मग तू इथं काय करतोस?"

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. मी विमलबाईंच्या गावात पोचलो तेव्हा दारोदार वाण लुटायला बायांची ये-जा चाललेली. विमलबाईंच्या दारात कुणी नव्हतं. त्यांच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "तिला कुणी बोलवीत न्हाई, अन् ती बी येत न्हाई. सकाळच्याला नऊ वाजले की दरेवस्तीला जाती चालत. सटवाबाला भाकरी घालती अन् बसती तिथंच. रोज. ऊन न्हाई, वारा न्हाई."

आधी मी चारही वस्त्यांवर जाऊन नऊ बायांचे फोन गोळा केले. ॲपमध्ये सुधारणा करायची आहे, तासाभरात आणून देतो, एवढंच सांगितलं. त्यांनी बिनबोभाट दिले. एकीने तर माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. जुनी पानं बदलायला ते बरडाच्या माथ्यावर, रेंजमध्ये न्यावे लागणार होते, आणि तिकडची वाट दरेवस्तीवरूनच आहे. फोनांची पिशवी घेऊन मी तिथे गेलो.

विमलबाई अंजूच्या दारात बसून तूर निवडत होत्या. पंधरा दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. सटवाबा उन्हात झोपला होता. मला बघून त्या म्हणाल्या, "या हारिसभाऊ. पाणी देऊ का?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी पिशवीतला एक फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"ताई, वर बघा. रेंज हाय का?"

"न्हाई. फुली हाय."

"आता बटण दाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोट लावलं. निरोप पोचला. ताई निघाल्या आहेत. शेजारी वेळ, अकरा वाजून चार मिनिटं.

"कुठंच पोचला न्हाई, ताई," मी म्हणालो. "ह्या फोनच्या बाहीर बी गेला न्हाई. दाबलं की लगेच टीक येती, मीच तसं केलतं. रेंज आल्याबिगर निरोप जात न्हाई. अंजूचा निरोप तुमाला पोचला तो चार वाजून एकेचाळीस मिनटांनी. वेळ जुनी दिसती एवढंच. तुमी पिशवीतून फोन काढून दिवसभर हातात धरून बसल्या असत्या तरी तुमाला कळलं नसतं. सभेत मला हे ठाव व्हतं. मी बोललो न्हाई. तुमची चूक न्हाई, ताई."

मला वाटलं त्या रडतील. मला शिव्या घालतील, तूर माझ्या तोंडावर फेकतील. खरं तर मला तेच हवं होतं, शिव्या खाऊन मोकळं व्हायचं होतं. त्या फोनकडे बघत राहिल्या. पडदा विझला तेव्हा बोट लावून पुन्हा उजळला आणि तेवढ्या पाच शब्दांवर नजर फिरवली.

"म्हंजे तिला वाटलं मी निघाले," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मला एक कळत नव्हतं, हारिसभाऊ. इथं बसून मी रोज तेच बघते. दहाला तो बकऱ्यावाला ह्या खालच्या ओढ्यातून जातो. रोज जातो. त्या दिवशी बी गेलता. हितून हाक मारली तरी त्याला ऐकू जाती. पोरगी शुद्धीवर व्हती, बोलत व्हती. तिनं हाक कावून मारली न्हाई, हे काय मला कळत नव्हतं." त्यांनी झोपलेल्या सटवाबाकडे मान वळवली. "ह्याला तिनं कानाशी येऊन सांगितलं, ताई निघाल्यात, चुलीवर पाणी ठेवा. त्यानं ठेवलं. मी आले तवा पातेलं चुलीवरच व्हतं, पाणी आटून कोरडं झालेलं. तिनं धुवट लुगडं काढून ठेवलं व्हतं माझ्यासाठी. दार उघडं ठेवलं व्हतं. ती काय घाबरली नव्हती. ती वाट बघत बसली व्हती."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या मला रडू नका म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "मी प्रविणला सांगतो. चार लोकांत सांगतो. दादांना काय करायचं ते करू द्या."

"न्हाई."

"ताई, लोक तुमाला..."

"प्रविणला तर न्हाईच." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ती राहत नव्हती. त्यानं ठेवली. ह्याच बटणाकडं बघून ठेवली, तुमच्या माझ्या म्होरं. आता तो मला शिव्या देतो, माझ्या दारात येऊन थुंकतो, पर तो उभा हाय. त्याला जर कळलं की ती सहा तास हिरव्या टीककडं बघत बसली, अन् ते बटण तिच्या हातात त्यानं दिलं, तर तो कुणाला शिव्या देईल? तो फास लावून घील. माझं काय, दोन संक्रांती वाण न्हाई मिळालं तर मी काय मरत न्हाई. तुमी हे कुणाला सांगायचं न्हाई. शपथ घ्या."

मी वाद घालायला हवा होता. ते ओझं त्यांचं नाही, माझं आहे, आणि प्रविणला खरं कळायचा हक्क आहे, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. अब्बांनी मला त्याचसाठी पाठवलं होतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "बरं ताई."

"जा आता," त्या म्हणाल्या. "ते फोन वर घेऊन जा. पोरींना येळंवर परत द्या. त्यातल्या रखमाचे दिवस भरत आलेत."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा तुरीचं सूप मांडीवर ओढलं. मी पिशवी खांद्याला लावून बरडाची वाट धरली. चढण लागेपर्यंत मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्यासाठी मी रडलो होतो ते खरं होतं, अंजूसाठी रडलो तेही खरं. पण वस्ती मागे पडली आणि मला आतून काय वाटतंय ते उघड कळलं. आता मला कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं, आणि मला हायसं वाटत होतं.